धर्माजीनं उचललेले धोंडे

धर्माजी ओव्हाळ म्हणजे तिरकं बोलणारा माणूस, हे लोधिवलीपासून चौक गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. "काय धर्माजी, बरं हाय ना?" असं कुणी विचारलं, की तो म्हणणार, "बरं कशाला असंल? आत्ताच तुजी भिंत बगून आलो." मग ती भिंत कुठं फुगलीय, कोपरा कसा बाहेर गेलाय, कुठल्या गाढवानं ती बांधली, याचा पाढा सुरू. हाडाचा गवंडी. चौकातल्या निम्म्या ढाब्यांच्या भिंती त्याच्या हातच्या, गॅरेजांचे ओटे त्याचे, कर्जतच्या बाजूला शहरातल्या लोकांनी बांधलेल्या बंगल्यांचे पायेसुद्धा त्याचेच. पंचाहत्तरी गाठली तरी ओळंबा खिशात. लग्नाला गेला तरी एक डोळा मिटून मांडवाचा खांब बघत बसायचा, आणि जानकीबाई, त्याची बायको, चारचौघांत त्याला दटावायची, "अवो, नवरी बगा की! खांब काय बगताय?"

पण वाडीत त्याला मान होता तो भिंतींमुळं नव्हे. तो होता खड्ड्यांमुळं.

बौद्धवाडीतलं माणूस गेलं, की पहिली हाक धर्माजीला जायची. हे काम त्याला त्याच्या चुलत्यानं, सहदेवकाकानं शिकवलेलं. वाडीच्या खाली भातखाचरं संपली, की ओहोळाच्या वळणावर पडीक माळ लागतो. तिथं पिढ्यान्‌पिढ्या वाडीची माणसं पुरली गेली. छप्पन्न सालानंतर देव गेले, नवससायास गेले, गावकीची कामं गेली, पण माणूस मातीत द्यायची रीत पुढं बरीच वर्षं तशीच चालली. कमरेच्या वर खड्डा. तळाला मीठ. वर माती, मातीवर बोरीच्या काटेरी फांद्या, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. आणि उशाशी धोंडा.

त्या धोंड्याचीही रीत होती. तिसऱ्या दिवशी घरचा माणूस नदीवर जायचा, पात्रात हिंडायचा आणि आपल्याला पुन्हा ओळखता येईल असा एक धोंडा निवडून खांद्यावरून आणायचा. कुणाचा पाट्यासारखा चपटा, कुणाचा मधोमध पांढरी शीर असलेला, कुणाचा एका बाजूनं खरवडलेला. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. अक्षर कुणाला येत होतं? आणि येत असतं, तरी गावकुसाबाहेरच्या मढ्याचं नाव दगडावर कोरून द्यायला कोण बसलं होतं त्या काळी? धोंडा हेच नाव. ज्याचा त्याला ओळखू यायचा, आणि धर्माजीला सगळ्यांचे.

त्या माळावरून जाताना धर्माजी मेलेल्यांशीसुद्धा भांडायचा. एका बसक्या धोंड्याशी थांबून म्हणायचा, "काय रं गोपाळ, आता कसा गप पडलायस? जिता असताना माजी थापी नेलीस ती परत दिली नायस ती नायसच." पुढच्या धोंड्याला म्हणायचा, "राघोआजा, तुजा नातू दारू प्यायला लागलाय, ये जरा उठून." बरोबरची माणसं हसायची. पण त्या हसण्यातून पोरासोरांना कळायचं, कोण कुठं आहे, कुणाचा कोण होता, कशानं गेला. वाडीचा एवढाच काय तो इतिहास, आणि तो धर्माजीच्या तोंडात होता.

एकाच ठिकाणी तो बोलायचा नाही. ओहोळाच्या अगदी कडेला अर्धा मातीत रुतलेला एक काळा खडक आहे. त्या अंगाला लहान पोरांची जागा. तिथं त्याची थोरली होती, विशाखा. वाडीतलं पहिलं नव्या धम्माचं नाव. धर्माजीनं विहारातल्या भाषणात ऐकलं आणि पोर जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं. त्याच्या आईला ते कधी धड म्हणताच आलं नाही. पोर दोन वर्षांची झाली, चुरूचुरू बोलायला लागली, आणि भर पावसाळ्यात तिला जुलाब-वांत्या सुरू झाल्या. चौकातून टेंपो मिळून वाडीशी येईपर्यंत पोर जानकीबाईच्या मांडीवरच गेली. सहदेवकाका म्हणाला, "तू बस रं, मी खणतो." धर्माजीनं ऐकलं नाही. आपल्या पोरीचा खड्डा त्यानं स्वतः खणला. पुढं रत्नदीप झाला, उज्ज्वला झाली, दोघंही शिकून मार्गी लागली. पण मुलं किती असं कुणी विचारलं, की जानकीबाई आजही तीन म्हणते.

मग वाडीच्या दुसऱ्या अंगाला पत्र्याची शेड झाली, दहन सुरू झालं, आणि माळ गवताला मोकळा राहिला. त्यात शेवटी शेवटी पुरलेल्यांपैकी एक म्हणजे सहदेवकाका. त्याचा धोंडा धर्माजीनं निवडलेला, उभा, मांडीएवढा, वर निमुळता. रस्त्यावरनंसुद्धा दिसायचा. त्या दिसण्यानंच सगळा घात केला.

आता ऐका. रेती घेऊन येणाऱ्या कुठल्याशा डंपरवाल्याची गाडी त्या वळणाशी ओहोळात जाता जाता राहिली. गडी खाली उतरला, घाम पुसला, समोर बघतो तर हा उभा धोंडा. झालं! पुढच्या खेपेला शेंदूर घेऊन आला. महिन्याभरात तिथं नारळ फुटायला लागले, उदबत्त्या लागल्या, अमावस्येला कोंबडं कापलं गेलं. सहदेवकाकाचा म्हसोबा झाला! ज्या सहदेवकाकानं सत्तावन्न साली घरचे देव टोपलीत भरून पाताळगंगेत सोडले होते, बायको रडायला लागली तर जो तिला म्हणाला होता, "ते बग बुडतायत. ते मला काय वाचवणार?" त्याच्याच उशाला लोक नवस बोलायला लागले.

धर्माजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन त्यानं धोंडा घासून काढला. आठ दिवसांत परत शेंदूर. परत घासला. परत शेंदूर, वर हार. त्यात आणखी दोन धोंड्यांना कुणी हळदकुंकू वाहून ठेवलं, म्हसोबाला एकटं वाटायला नको म्हणून असेल! तेव्हा त्यानं विहारात सगळी वाडी गोळा केली.

"आपल्या बापजाद्यांनी देव सोडलं," तो ओरडून म्हणाला, "आन् आता बापजाद्यांचंच देव व्हायला लागलं! हे चालवून घेणार हाव का आपुन?"

तोड त्यानंच काढली. माळावरचा एकेक धोंडा उचलायचा, धुवायचा, रस्त्याच्या कडेला चौथरा बांधायचा आणि त्यात सगळे बसवायचे. वर निळा झेंडा, समोर संगमरवरी पाटी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे की इथं माणसं आहेत, कुणाचे देव नव्हेत. मग बघू कुणाची टाप आहे शेंदूर लावायची! त्याचा पुतण्या रूपेश तेव्हा नुकताच कंपनीत लागला होता. त्यानं पाटीवरचा मजकूर लिहून दिला, "आमच्या पूर्वजांच्या स्मृतीस". टाळ्या पडल्या. अख्ख्या वाडीत एकानंही म्हटलं नाही, की बाबांनो, धोंडा उचलला तर त्याच्या खालच्याची खूण कुठं राहणार? म्हणेल कशाला? धर्माजी होता ना बसलेला. सगळं त्याच्या डोक्यात होतं.

चौथरा मात्र असा बांधला, की त्याच्या आयुष्यात तसं काम दुसरं झालं नाही. एकही धोंडा फोडला नाही, एकाचंही तोंड सिमेंटनं बुजवलं नाही. प्रत्येक धोंडा असा बसवला, की ज्याचा त्याला बाहेरून ओळखू यावा. उद्‌घाटनाला म्हातारी माणसं आली. अंबाबाईनं आपल्या सासऱ्याचा धोंडा हुडकून काढला आणि त्याला मिठी मारून रडली. विशाखाचा धोंडा नारळाएवढा, गुळगुळीत. तो धर्माजीनं कोपऱ्यात, जानकीबाईचा हात पोचेल अशा उंचीवर बसवला. दर पौर्णिमेला ती तिथं एक फूल ठेवायची. शेंदूर बंद झाला. पंधराएक वर्षं अशी समाधानात गेली, की आपण केलं त्यात काही चुकलं असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मग माळ विकला गेला.

तो कुणाच्या नावावर आहे हे वाडीनं कधी बघितलंच नव्हतं. मेलेल्यांची जागा कुणाच्या नावावर असते का? असते म्हणे. सातबाऱ्यावर जुन्या खोताच्या नातवाचं नाव होतं, आणि पुढं एकच शब्द, पड. पड! खाली अख्खी वाडी निजलेली आणि वर लिहिलेलं पड. त्या नातवानं तो बंगले बांधणाऱ्यांना देऊन टाकला. एका सकाळी मशीन आलं आणि निम्मा माळ खरवडून गेलं. वाडीतल्या बाया मशीनपुढं आडव्या झाल्या तेव्हा कुठं ते थांबलं. रूपेशनं धर्माजीच्या नावानं अर्ज केला आणि तालुक्याहून साहेब पाहणीला आला.

साहेब तरणा होता, बोलायला मऊ. "कबरी कुठं आहेत, बाबा?" त्यानं विचारलं.

धर्माजीची छाती फुगली. तो त्याला थेट चौथऱ्याशी घेऊन गेला. "हे बगा. सगळी हितं हायत. एक बी सुटलेला नाय."

साहेबानं बूट काढले, हात जोडले. मग मोजणीवाल्याकडून नकाशा घेतला, वाकून बघितला, चौथऱ्याकडं बघितलं. "बाबा, हा चौथरा रस्त्याच्या हद्दीत येतो. त्याला कुणी हात लावणार नाही. मी विचारतोय, त्या माळात काय आहे?"

"माळात माणसं हायत."

"कुठं?"

"कुटं म्हंजे? सगळीकडं."

"तसं नाही लिहिता येत हो. एखादी खूण दाखवा. दगड, ओटा, काहीही."

"आता दगड तर हे काय, हितं..." असं म्हणत धर्माजीनं हात चौथऱ्याकडं केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. त्याला कळलं. काय करून बसलो ते त्याला त्या घटकेला कळलं. बंगलेवाल्यांचा इंजिनीयर बाजूला उभा होता. तो अगदी आदबीनं म्हणाला, "आजोबा, चौथरा छान आहे. आम्ही सभोवार फरशी बसवून देऊ." धर्माजीनं त्याला एक शिवीसुद्धा दिली नाही. त्यावरून वाडीनं ओळखलं, की म्हातारा खचला.

रूपेश मात्र हिमतीचा. "नाना, घाबरू नका," तो म्हणाला. "धोंडे काढले म्हणून माणसं कुटं गेलीत? तुमी जागा दावा, मी नकाशा करतो. नावानिशी नकाशा घेऊन जाऊ साहेबाकडं." रविवारी तो चुन्याची फक्की आणि मोबाइल घेऊन आला. धर्माजी पुढं, रूपेश मागं. "हितं राघोआजा. हितं गोपाळ. त्याच्या पायाशी आडवी ती साळूमावशी." रूपेश प्रत्येक ठिकाणी फक्की टाकत गेला, नावं टिपत गेला. माळ पांढऱ्या ठिपक्यांनी भरला, तेव्हा कितीतरी दिवसांनी धर्माजी हसला आणि म्हणाला, "हायत सगळी. कुटं जातील मला सोडून?"

पुढच्या रविवारी रूपेशनं, पक्कं करावं म्हणून, परत एकदा फिरवलं. मधे गुरं चरून गेली होती, फक्की पुसली होती.

"हितं राघोआजा," धर्माजी म्हणाला.

रूपेशनं मोबाइलमध्ये बघितलं. "नाना, गेल्या बारीला तो पार तिकडं सांगितलात. पळसाच्या खोडाशी."

"मंग तिकडं."

"आन् हितं कोण?"

"हितं... हितं साळूमावशी."

"ती गोपाळच्या पायाशी म्हणालात."

"तू मला शिकवणार का रं?" धर्माजी कडाडला. "तुज्या बापाचा जल्म व्हायच्या आधीपासनं मी हितं..." आणि बोलता बोलता मटकन खाली बसला. रूपेशही शेजारी बसला.

त्याला जागा कधी पाठ नव्हत्याच. त्याला धोंडे पाठ होते. धोंडा दिसला की माणूस आठवायचा, माणूस आठवला की बाजूचा आठवायचा, असं एकमेकांच्या आधारानं ते सगळं उभं होतं. आता समोर नुसती खरवडलेली माती. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवली, आणि ज्याच्यावर वाडी विसंबली होती तो स्वतःच असा निघाला. "मी मारली रं समद्यांना," तो रूपेशला म्हणाला. "एकदा मेली व्हती ती परत मारली."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं रूपेशला बोलावून सांगितलं, "माझ्या हातात एवढंच आहे. पंचांसमोर एका जागी हातानं खणा. अवशेष निघाले, तर मी काम थांबवतो आणि ही जमीन वेगळी मोजायला लावतो. पण जागा एकच. अख्खा माळ नाही उकरू देता येणार."

विहारात परत वाडी जमली. एकच जागा, पण कुणाची? अंबाबाई उभी राहिली. "माजा सासरा जितेपणी लोकांनी कुणाच्या अंगणात टेकू दिला नाय," ती म्हणाली. "आता मेल्यावर बी त्याला उटवता? मी नाय देणार." दुसऱ्यांच्या मनातही तेच. आणि द्यायला कबूल झाले असते तरी दाखवणार कुठं? सगळे धर्माजीकडं बघायचं टाळत होते. त्याच्यानं ते सहन होईना.

"कुणाचं नगं," तो म्हणाला. "माजी पोर हाय. काळा खडक काय मी उचललेला नाय, तो हाय तिथंच हाय. खडकापासनं दोन हात, ओहोळाकडं तोंड करून. ती जागा मी डोळं झाकून दावतो."

घरी जानकीबाई तांदूळ निवडत बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. ती निवडतच राहिली.

"भायेर काढणार तिला?" तिनं विचारलं.

"काढणार नाय. दावणार. दावली की परत झाकणार."

"उगडी पडंल ती."

"जराशीच."

जानकीबाईनं सूप खाली ठेवलं. "मी येणार," ती म्हणाली.

"अगं, पण तिथं तू..."

"त्या टायमाला बी असंच म्हणालात. बायांनी जायचं नसतं म्हणून चौघींनी मला दारात धरून ठेवली. माजी पोर, नऊ म्हयनं मी वागवली, आन् माती पडताना मी तिच्यापाशी नव्हते. आता मला कोण धरतो ते बगते मी." डोळ्याला पदर लावून मग ती म्हणाली, "करा. समद्या वाडीच्या कामाला येतेय आपली पोर. करा."

ठरल्या दिवशी साहेब आला, पंच आले, इंजिनीयर आला. मशीन माळाच्या टोकाला उभं होतं आणि मशीनवाला झाडाखाली बसला होता. वाडीतली माणसं लांबच उभी राहिली. जानकीबाई तेवढी पुढं आली आणि खडकाला टेकून उभी राहिली. कुणी तिला अडवलं नाही.

धर्माजीनं खडकापासून आपल्या हातानं दोन हात मोजले, रेघ मारली. रूपेश टिकाव घ्यायला गेला तर त्याला त्यानं मागं सारलं. पहिला घाव घालायच्या आधी तो हळूच म्हणाला, "इशाखा, बाय, मी हाय गं." आणि खणायला लागला.

वरची माती काळी, भुसभुशीत. "बगा साहेब, कशी मऊ हाय," तो म्हणाला. "उकरलेली माती अशीच लागते." गुडघ्याएवढं झालं. तो धापा टाकत होता, पण थांबत नव्हता. टिकाव बाजूला ठेवला, फावडं घेतलं, मग फावडंही ठेवलं, पोरीला लागेल म्हणून. हातानंच माती ओढायला लागला. आणि एका जागी त्याची नखं खरकन वाजली.

मुरूम.

त्यानं हातानं साफ केला. तांबूस-पिवळा, घट्ट, थरावर थर. धर्माजीनं जन्मभर पाये खणले होते. एकदा मोडलेला मुरूम परत तसा बसत नाही, किती का वर्षं जाईनात. हा मुरूम कधी कुणी मोडलेलाच नव्हता, आणि त्यानं तर तिला कमरेच्या वर खोल दिली होती. तो डावीकडं सरकला. मुरूम. उजवीकडं. मुरूम. खडकाला लागून खणलं, पलीकडच्या अंगानं खणलं. साहेबानं एकच जागा म्हटलं होतं, पण त्यानंही अडवलं नाही. सगळीकडं तोच, अभंग, जुना मुरूम. विशाखा इथं नव्हती. इथं कधीच नव्हती. एवढी वर्षं ज्या जागेशी तो गप्प होत आला, ती दुसरीच कुठली तरी जागा होती, आणि खरी जागा कदाचित त्या खरवडलेल्या मातीत, कदाचित ओहोळानं कधीच पोटात घेतलेली. नारळाएवढा धोंडा त्यानं स्वतः उचलला तेव्हा तो खडकापासून किती हातांवर होता? आठवेना. काही केल्या आठवेना.

रूपेशनं खाली उतरून त्याला धरलं. "नाना, पुरं."

साहेबानं खड्ड्यात डोकावून बघितलं. "बाबा, लहान मूल होतं," तो म्हणाला. "एवढे पावसाळे गेले. कोवळी हाडं राहत नाहीत. विरघळतात मातीत."

लांब उभ्या असलेल्यांनी तो शब्द झेलला. विरघळली. बरोबरच आहे, विरघळली. रूपेश म्हणाला, "मंग साहेब, तसंच लिवा ना."

"जे दिसलं नाही ते मी कसं लिहू?" साहेब म्हणाला. त्यानं लिहिलं ते वाचून दाखवलं. अर्जदारानं दाखवलेल्या ठिकाणी खोदकाम केलं असता कोणतेही मानवी अवशेष आढळून आले नाहीत. आजूबाजूस दफनाची कोणतीही खूण दिसून आली नाही. "यात काही खोटं आहे का, बाबा?"

धर्माजीनं मान हलवली. खोटं काहीच नव्हतं. त्यानं मातीचे हात धोतराला पुसले आणि आपल्या पोरीचा माग नाही असं म्हणणाऱ्या कागदावर सही केली. साहेबाची गाडी गेली. झाडाखालचा मशीनवाला उठून मशीनवर चढला, आणि माणसं एकेक करून वाडीकडं वळली. अंबाबाई जाताना धर्माजीच्या पाठीवरून हात फिरवून गेली. तो हात त्याला शिवीपेक्षा जास्त लागला.

जानकीबाई खडकाला धरून खड्ड्यात उतरली. त्यानं उकरलेल्या मातीवर तिनं तळहात टेकला.

"विरगळली ना वो ती?" तिनं विचारलं.

धर्माजीनं त्या मुरमाकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "विरगळली."

"मंग हीच ती," जानकीबाई म्हणाली. "तुमचा टावेल द्या."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल दिला. तिनं तो खड्ड्यातच पसरला आणि दोन्ही ओंजळींनी माती भरायला लागली. खडे निवडून बाजूला टाकत होती, मुळं काढून टाकत होती. वर मशीन सुरू झालं तरी तिनं घाई केली नाही. चारी टोकं बांधून तिनं ते गाठोडं वर धर्माजीच्या हातात दिलं.

"नीट धरा," ती म्हणाली. "आता कुटं गवसलीय माजी पोर."

धर्माजीला बोलायचं होतं. सांगायचं होतं, की जानके, ही ती नव्हं, मी तिला हरवली गं, माज्या हातानं हरवली. पण ती एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा हसत होती, रडत रडत हसत होती. त्यानं हात देऊन तिला वर घेतलं आणि ते गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरून तो तिच्या मागून घराकडं चालायला लागला.